ठोक्यांच्या आडोशाने

इमारतीच्या तळाला पत्र्याच्या पेट्या करणारा कारखाना होता आणि त्याच्या बरोब्बर डोक्यावर मोठ्या बाई राहायच्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण वर्ग भरवायची खोड गेली नाही. कारखान्याविरुद्ध सह्या गोळा करताना एकेका बिऱ्हाडाला दारात उभं करून विचारायच्या, "तुम्हाला कान आहेत की नाहीत?" नाहीत असं कोण म्हणणार? सह्या झाल्या, अर्ज गेला, कारखाना उठला. जाताना कारखानदार एवढंच म्हणाला, "आता सुखानं झोपा, बाई." तो टोमणा बाईंनी शाबासकी म्हणून घेतला.

त्या ठोकाठोकीच्या नावावर बाईंनी कायम त्रासच मांडला होता. जमेच्या बाजूला काही आहे का, हे कधी तपासलं नाही. रोज सकाळी खाली हातोडे पडायला लागले की त्या आपल्या खोलीचं दार लोटून धाकट्या बहिणीला फोन लावायच्या आणि सुनेची सालटी काढायच्या. हातोड्याच्या वर आवाज चढवून बोलणं अंगवळणी पडलेलं. पलीकडे स्वयंपाकघरात सुनेला अवाक्षर कळायचं नाही. तोंडावर सासू "बाळा"खेरीज हाक मारत नव्हती, तेव्हा सून आपल्याला नशीबवान समजायची.

सध्या मुलगा आणि सून नवं घर शोधत होते. त्या घरात आपली खोली धरली आहे की नाही, हे बाईंना कुणी सांगत नव्हतं आणि विचारायचं तर कमीपणा. जीव नुसता टांगणीला लागला होता.

कारखाना उठल्यावरच्या पहिल्या सकाळी बाईंनी नेहमीसारखं दार लोटलं, फोन लावला आणि नेहमीच्याच पट्टीत सुरू केलं.

"अगं, मला बाहेर काढायचा घाट घातलाय हिनं. तोंडात साखर, पोटात काळं. पोराला तर मुठीतच ठेवलंय. आणि तिच्या हातचं खाशील, तर आजारी माणसाचं जेवण बरं वाटेल तुला."

"ताई, हळू की गं," धाकटी म्हणाली. "कान फाटायची वेळ आली. कारखाना चालू आहे का अजून?"

"छे, घालवला ना मी."

म्हणाल्या आणि त्यांनी कान टवकारले. मघापासून भिंतीपलीकडे सुरीची टकटक चालली होती. ती थांबली होती. मग सुनेचा आवाज आला, नवऱ्याला फोनवर सांगत असलेला. अगदी हलका, तरी शब्द न् शब्द कळणारा.

"ऐक ना. एजंटला सांग, दोनच खोल्यांचं बघ... हो, तू आधीपासून तेच म्हणत होतास. आईंना वेगळी खोली हवीच म्हणून मीच अडून बसले. चुकलं माझं."

बाई फोन हातात तसाच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बाळा, तुझा काहीतरी गैरसमज होतोय."

सुनेनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. "मावशींकडे राहायचं विचारून घ्या, आई. फोन चालूच आहे तुमचा. हळू विचारलंत तरी चालेल."

फोनमधून धाकटी घाईघाईनं बोलली, "ताई, आमच्याकडे कसलं जमतंय गं," आणि तिनं फोन ठेवून दिला.

हे सुनेलाही ऐकू गेलं.