काळा पट्टा आणि पितळेच्या चकत्या

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. ज्यांना खुर्ची मिळाली होती ते उठायला तयार नव्हते, आणि ज्यांना मिळाली नव्हती ते कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकले होते. व्यासपीठावर ऊर्जागुरू उभे. पांढरा सूट, पांढरे बूट, गालापाशी माइक आणि हातात एक काळा पट्टा.

"तुमच्यातला सगळ्यात दांडगा माणूस पाठवा!"

गर्दीनं रणगाड्याला पुढे ढकललं. रणगाडा म्हणजे लोकांचं घरसामान हलवणारा हमाल. कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन जिने चढायचा, आणि वर पोचल्यावर "कुठं ठेवू?" असं विचारायचा.

गुरूंनी त्याला पाय जुळवून उभं केलं, एक हात आडवा पसरायला लावला आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून हलकेच दाबलं. रणगाडा धाडकन कलंडला.

"पाहिलंत? लहरी उलट्या फिरतायत! शरीर आहे, पण लहर नाही. मोटार आहे, पण पेट्रोल नाही!" मग त्यांनी त्याच्या कमरेला पट्टा आवळला. "आतलं चुंबक आता लहरी सुलट करतंय... झाल्या!" आणि ते त्याच्या हाताला अक्षरशः लोंबकळले. रणगाडा जागचा हलला नाही. स्वतःच्या हाताकडे तो असा बघत राहिला, जणू तो कुणाकडून उसना आणलाय.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "रसायनं सोडा, लहरी जोडा!" गुरू गरजले आणि पट्ट्यांच्या टेबलाभोवती झुंबड उडाली.

मागच्या दाराशी उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंना हसू आवरेना. पण शेजारी त्यांचे वडील उभे होते. आप्पांनी सदरा जरासा वर केला. आत काळा पट्टा होता.

"आप्पा! तुम्हीसुद्धा?"

"चार दिवसांत कंबर दुखायची राहिली," आप्पा म्हणाले. "तुझी पांढरी गोळी दोन महिने खाल्ली, काही झालं नाही."

डॉक्टरबाईंचं हसू तिथंच विरलं, कारण "रसायनं सोडा" हे शब्द त्यांच्या डोक्यात आता उशिरानं वाजले. घरी येताच त्यांनी आप्पांच्या दंडाला रक्तदाबाचं यंत्र लावलं. आकडा बराच चढला होता.

"रक्तदाबाच्या गोळ्या घेताय ना?"

आप्पा खिडकीबाहेर बघू लागले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस खोटं बोलायची वेळ आली की बाहेर बघायचा.

"बंद केल्यात. रसायनंच ना ती."

मग व्हायचं ते झालं. डॉक्टरबाई रागावल्या, आप्पा चिडले, भांडण पार स्वयंपाकघरापर्यंत पोचलं. तिथं आप्पांची बहीण भाजी चिरत होती. आत्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

"ओरडताय काय दोघं? मीही पट्टा लावलाय. मलाही बरं वाटतंय. तुझ्याकडे काय पुरावा आहे, डॉक्टर? तुझी गोळी कशावरून खरी?"

ही गोळी शिक्षकांनी शिकवली म्हणून त्या देत होत्या. शिक्षकांना ती त्यांच्या शिक्षकांनी शिकवली असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याचं दार लावून त्या संगणकासमोर बसल्या. एकेका उपचारावर जगभरात झालेल्या चाचण्या एकत्र करून, त्यांतल्या कच्च्या कोणत्या आणि पक्क्या कोणत्या हे पारखून लिहिलेले आढावे असतात. कंबरदुखीवरचे असे आढावे त्या एकामागून एक वाचत गेल्या. पट्टे, चुंबकं, कसलेकसले किरण यांच्यात फारसा दम नव्हता. खऱ्या उपचाराच्या जोडीला हुबेहूब खोटा उपचार ठेवला की दोघांचा निकाल जवळपास सारखाच यायचा. त्यांना मनातून बरं वाटलं. मग त्यांनी पुढचं पान उघडलं. तिथं त्यांची पांढरी गोळी होती. नव्यानं लचकलेल्या कमरेला या गोळीनं जेवढा आराम पडतो, तेवढाच नुसत्या पिठाच्या गोळीनंही पडतो, असं तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं.

डॉक्टरबाईंनी पाण्याचा ग्लास एका दमात संपवला.

"आप्पा, तुमचं एक म्हणणं बरोबर निघालं," संध्याकाळी त्या म्हणाल्या. "कमरेवर माझी गोळी कुचकामीच आहे."

आप्पांनी चष्मा काढून लेकीकडे पाहिलं. भांडणाची सगळी तयारी करून बसलेल्या माणसासमोर कुणी असं हत्यार टाकलं की पंचाईतच होते.

"मग पट्टा खरा?"

"ते पट्ट्यालाच विचारू. घड्याळ बरोबर चालतंय की नाही, ते तुम्ही कसं ठरवता?"

"दुसऱ्या घड्याळाशी लावून बघतो."

"मग दुसरा पट्टा करा. दिसायला तोच, वजनाला तोच. फक्त आत चुंबक नको."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. हात शिवशिवणं म्हणजे काय, ते घड्याळजीला सांगावं लागत नाही. पण त्यानं आधी अट घातली. "पट्टा खरा ठरला तर मला परत गोळ्या घ्या म्हणायचं नाही."

"आणि खोटा ठरला तर रक्तदाबाची गोळी सुरू. खरं म्हणजे निकाल लागेपर्यंतही सुरूच."

"ही लबाडी आहे."

"ही मुलगी आहे तुमची," आत्या म्हणाल्या आणि गोळी व पाण्याचा पेला दोन्ही त्यांच्या हातात कोंबून मोकळ्या झाल्या.

समोरच्या धुलाईघरात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायका-पुरुषांच्या कमरा वरचेवर लचकायच्या. आत्यांनी त्या वेळी कंबर धरून बसलेल्या सगळ्यांना गोळा करून हकिकत सांगितली. काही पट्टे खरे असतील, काही बिनचुंबकाचे, कुणाला काय मिळालं ते कुणालाच कळणार नाही, अगदी वाटणाऱ्यालाही. सगळे हसत तयार झाले. आप्पांनी गुरूंच्या टेबलावरून पट्टे विकत आणले, निम्म्यांची शिवण उसवून चुंबकं काढली, त्यांच्या जागी पितळेच्या जाड चकत्या बसवल्या, आणि शिवण अशी घातली की उसवल्याचा संशयही येऊ नये. मग त्यांनी सगळे पट्टे टोपलीत घुसळले आणि आत्यांनी हाताला येईल तसे वाटले.

"पट्ट्याजवळ टाचणी नेलेली दिसली, तर खेळातून बाद!" आत्यांनी दम भरला. शिट्टी गळ्यात नव्हती एवढंच.

महिनाभरानं ऊर्जागुरूंची पुन्हा सभा भरली. धुलाईघराची सगळी मंडळी आली होती. गुरूंना वाटलं भक्त वाढले. त्यांनी विचारलं, "कुणाकुणाला गुण आला?" बहुतेक सगळ्यांचे हात वर गेले. सर्वांत उंच हात इस्त्रीवाल्या बाईचा. "मला वाकताच येत नव्हतं हो! आता नातवाला उचलून घेते!"

"लहर!" गुरू डोळे मिटून म्हणाले.

"अहो गुरू, जरा थांबा," आत्या मोठी कात्री घेऊन व्यासपीठावर चढल्या. "ही लहर आम्हाला आतून बघायचीय." आणि लोकांना चाचणीची सगळी हकिकत सांगून त्यांनी इस्त्रीवाल्या बाईचा पट्टा मागून घेतला, कचाकच कापला. चुंबक असतं तर कात्रीला चिकटलं असतं. टणटण आवाज करत पितळेच्या चकत्या फरशीवर घरंगळल्या.

बाईनं चकत्यांकडे पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून ती एकदम एवढी हसली, की तिला बघून सगळं सभागृह हसू लागलं. एकेक पट्टा कापला गेला. कुठे चुंबक कात्रीला झोंबलं, कुठे चकती पडली. दोन्ही बाजूंना बरे झालेले सारखेच निघाले, आणि न झालेले एकदोघे तेही दोन्हीकडे.

"लोकांच्या मनात शंका आहे, म्हणून लहरी गोंधळल्या!" गुरूंनी सावरून घेतलं. "पण हाताचा प्रयोग? तो तर डोळ्यांदेखत घडतो!"

"या, तुमच्यावरच करू," आत्या म्हणाल्या. त्यांनी गुरूंच्याच टेबलावरचा खरा पट्टा त्यांना बांधला, पाय जुळवून उभं केलं, हात पसरायला लावला आणि मनगटावर दोन बोटं दाबली. पांढरा सूट कलंडून गंमत बघायला जवळ आलेल्या रणगाड्याच्या छातीवर जाऊन आदळला. त्यानं तो जपून पुन्हा उभा केला. मग आत्यांनी पट्टा सोडला, पुन्हा दाबलं, आणि या खेपेला गुरू खांबासारखे उभे!

"पट्ट्यासकट पडले, पट्ट्याविना उभे! बघा, गंमत इथं आहे," आत्यांनी लोकांकडे वळून हात दाखवला. "दाबताना जोर शरीरापासून जरा बाहेर काढला, की माणूस तोल जाऊन पडतो. तोच जोर जरा आत, पायांकडे वळवला, की तो जमिनीत उतरतो, माणूस हलत नाही. शाळेतल्या पोरांना मी हे वर्षानुवर्षं शिकवलंय, आणि हा शहाणा मलाच फसवून गेला!"

लोक जागच्या जागी एकमेकांचे हात दाबून पाडापाडी करू लागले. त्या गोंधळात ऊर्जागुरू मागच्या दारानं कधी गेले, ते कुणाला कळलंही नाही.

"पण मला बरं वाटलं, ते खोटं होतं का?" इस्त्रीवाल्या बाईनं डॉक्टरबाईंना विचारलं.

"बरं वाटलं ते अगदी खरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कंबर फार दुखते तेव्हाच आपण उपाय शोधायला निघतो. आणि साधी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या वेळी जे कमरेला असेल, त्याला श्रेय मिळतं. हिंडतं-फिरतं राहणं बरं. पण पाय बधिर पडले, लघवीवर ताबा राहिला नाही, तर घरी बसू नका, ताबडतोब या."

"मग तुमची ती गोळी?" मागून रणगाड्यानं विचारलं.

आप्पांनी मान वर केली.

"या दुखण्यावर तीही पितळेची चकतीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी ती लिहायची बंद केलीय. पण सगळ्याच गोळ्या तशा नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या पिठाच्या गोळ्यांशी लाखो माणसांवर ताडून पाहिल्यात. त्या घेणाऱ्यांत अर्धांगवायूचे झटके खरोखर कमी आले. म्हणून कुणाच्या नुसत्या सांगण्यावरून औषध घेऊ नका आणि सोडूही नका. सुटातल्या माणसाच्या नाही, पांढऱ्या कोटातल्याच्याही नाही. विचारा, हे कशाशी ताडून पाहिलंय? उत्तर देणारा चिडला, तर समजून जा."

टाळ्या फारशा झाल्या नाहीत. लोक विचारात पडले होते. आप्पांनी मात्र घरी गेल्यावर रक्तदाबाचं यंत्र स्वतःहून काढलं, आकडा उतरलेला पाहिला आणि बराच वेळ खिडकीबाहेर न बघता लेकीकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पहिला रोगी आला तो रणगाडा. त्याला खोकला झाला होता. डॉक्टरबाईंनी सवयीनं खोकल्याच्या औषधाचं नाव लिहायला घेतलं.

"बाई, हे कशाशी ताडून पाहिलंय?"

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. बाहेर बाकावर रोग्यांची रांग वाढत होती. त्यांनी रणगाड्याकडे पाहिलं आणि त्या मनापासून हसल्या.

"मलाही नक्की माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बसा. आत्ता बघून सांगते."