मधे भोक असलेली उशी

मी उशी बोलतेय. पण डोक्याखालची नव्हे. मी गोल, मधे भोक असलेली, बसायची. हसलात ना? हसा. दुकानदारसुद्धा मला चोरीचा माल असल्यासारखी कागदात गुंडाळून देतो.

मला आणलं एका आईने. ती बसस्थानकात तिकीट खिडकीवर बसायची. आपल्याला मूळव्याध झाली, हे तिचं तिनेच ठरवलं होतं. ठरवायला कारणंही होती. दिवसभर खुर्चीला खिळलेली. पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि उठलं की रांग ओरडते, म्हणून पाणीच प्यायचं नाही. शी आली तरी दाबायची आणि घरी जाऊन कुंथत बसायचं.

खुर्चीवर मला ठेवून ती वर रुमाल पसरायची. तरी शेजारच्या खिडकीवरचा विचारायचाच, "काय मावशी, सिंहासन उंच केलंत?"

"हो, तुझं टक्कल नीट दिसावं म्हणून."

पुढे तिची मुलगी बाळंत झाली. पोटातलं ओझं, बद्धकोष्ठ, बाळंतपणात लावलेला जोर. तिलाही तोच त्रास सुरू झाला. तिच्या सासरी तिला आतून कडी लावता येईल असं एकच दार होतं, संडासाचं. आत ती मोबाइलवर बाळांच्या शीचे रंग वाचत बसायची. हिरवी असली तर काय, फेसाळ असली तर काय. बसून बसून दुखणं वाढायचं.

मुलगी दूध पाजताना एका अंगावर तिरकी बसते, हे भेटायला आलेल्या आईच्या नजरेतून सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला मुलीच्या खुर्चीवर ठेवलं.

"आणि तुला गं?"

"माझं कधीच बरं झालं. आपल्याकडे बायकांना असतंच हे. बस निवांत."

बरं झालं नव्हतं. त्याच सकाळी तिने माझी खोळ गार पाण्यात चोळचोळून धुतली होती. उरलेला फिकट डाग मुलीला दिसला. बाळाचं औषध सांडलं असेल, असं तिला वाटलं.

मुलीच्या डॉक्टरीणबाई रागावल्या. "मोबाइल बाहेर ठेवायचा. पाणी प्यायचं, भाज्या-फळं खायची, कुंथायचं नाही. आणि रक्त दिसलं की मूळव्याधच आहे, असं घरी ठरवायचं नाही. दाखवायचं."

घरी येऊन मुलीने पहिल्यांदा माझी खोळ उजेडात धरली. मग आईला फोन लावला.

"येते गं," आई म्हणाली. "बदली माणूस मिळू दे. खिडकी उघडी टाकून कशी येऊ?"

ती आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. तपासलं तेव्हा कळलं, मूळव्याध होतीच. पण तिच्याआड आतड्यात गाठ वाढत होती आणि ती फार पुढे गेली होती.

आता आई नाही. मुलगी बरी झाली; पाण्याची बाटली सतत हाताशी ठेवते. माझी गरज उरली नाही, पण मला टाकवतही नाही तिला. बाळ माझ्या भोकातून डोकं काढून हसतं, तेव्हा तीही हसते आणि मग तोंड फिरवते.

बाळाच्या शीचा रंग या घरात सगळ्यांना पाठ होता. मुलगी तर फोटो काढून आईलाही पाठवायची. आई खिडकीतून, प्रवाशाला थांबवून, कळवायची, "छान आहे, काळजी करू नकोस."

तुमच्या घरात कुणी तिरकं बसत असेल, तर मला आणायची घाई करू नका. आधी त्यांच्याजवळ बसा आणि लाज सोडून विचारा. आमच्याकडे तेवढं राहून गेलं.