टेबल थोडं खाली आहे

माझ्या वडिलांची मशीन मला मोबाईलवर विकायला दिसली.

नाशिकच्या सुतारकामवाल्यांचा एक ग्रुप आहे. जुन्या हत्यारांची देवघेव त्यावर चालते. उन्हाळ्यापासून मी तिथे जुना बँडसॉ शोधत होते. दोन चाकांवर पातं फिरतं आणि लाकूड तिच्या टेबलावर ठेवून पुढे सरकवायचं, अशी ती उभी करवत. वळणाचं लाकूड कापायला तिच्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. मी घराच्या मागच्या पडवीत बालवाडीसाठी लाकडी खेळणी करते. हत्ती, बैलगाड्या, कोडी, सगळं हातकरवतीने. आता मनगट रोज संध्याकाळी दुखायला लागलं होतं.

त्या दिवशी जेवता जेवता ग्रुप उघडला आणि समोर बाबांची मशीन. तोच हिरवा रंग, झाकणाला बांधलेली तीच तार, मागे आमच्या देवळाली गावातल्या कारखान्याची भिंत. खाली माझ्या सख्ख्या भावाचा नंबर. 'बँडसॉ, कै. केरू मिस्त्री यांचा. चालू स्थितीत. पंचवीस हजार, फिक्स. टेबल थोडं खाली आहे. फक्त कामाच्या माणसांनी फोन करावा.'

मी ताट बाजूला सारलं. विकायची तर विक, पण बहिणीला एक फोन करायचास की नाही? ती हेच काम करते हे ठाऊक असताना? आणि 'कामाच्या माणसांनी' म्हणे. आमच्या घरात त्या मशीनवर काम केलेली माणसं दोनच, बाबा आणि मी. वाल्मीकदादाने तिच्यावर साधी पट्टी कधी कापली नाही. लाकडाच्या भुशाने त्याला शिंका यायच्या. तरी या सगळ्यापेक्षा मला जास्त झोंबली ती टेबलाची ओळ. ती त्याने मशीनचा दोष म्हणून लिहिली होती.

माझा नवरा मनोज शांत माणूस. त्याने फोटो मोठा करून पाहिला.

"नातं बाजूला ठेव आणि नुसती मशीन बघ," तो म्हणाला. "थ्री फेजची मोटर आहे, आपल्या घरात चालणार नाही. म्हणजे मोटर बदलणं आलं. चाकांवरची रबरं गेलेली असणार. एवढ्यात थोडे घातले तर छोटी नवी येईल."

सगळं खरं होतं, म्हणून मी त्याच्यावरही चिडले.

"आणि बाबांच्या वस्तूचे पैसे भावाला कशाचे द्यायचे, हे मनात असेल तर घेऊच नकोस," तो पुढे म्हणाला. "मशीन चालेल आणि तू धुसफुसत बसशील."

ते तर मनात होतंच. बाबा गेल्यावर दादा म्हणाला होता, कारखाना एका नावावर असला की कामं सोपी होतात. मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतात. जी करत नाही तिचं माहेर संपतं. बदल्यात मला येवल्याची पैठणी मिळाली. तेव्हापासून वहिनींचं एकही हळदीकुंकू त्या पैठणीशिवाय पार पडलेलं नाही. "आम्ही नणंदेला काही कमी केलं नाही हो, भारीतली पैठणी नेसवली." मी ती एकदाच नेसले. वहिनी मला ती दरवर्षी नेसवतात.

मी दादाला फोन लावला.

"तुला कशाला हवी गं ती?" तो म्हणाला. "तुझी आपली खेळणी. एखादं छोटं मशीन घे ना."

"दादा, मला हीच हवी आहे."

"बघ बाई. निफाडचा एक जण रविवारी बघायला येतोय. तो देईल तेवढे तू देणार असशील तर तू ये. व्यवहार तो व्यवहार."

व्यवहार तो व्यवहार, असं तो बहिणीला म्हणाला. मी फोन ठेवला आणि त्या रात्री पोळ्या इतक्या जोरात लाटल्या की मनोज स्वयंपाकघरात फिरकला नाही.

रविवारी आम्ही दोघं गेलो. बाबांच्या कारखान्यात आता पाण्याचे जार असतात. दादाचा तो धंदा आहे. जारांच्या मागे, ताडपत्रीखाली, मशीन उभी होती. मी ताडपत्री काढली. झाकण उघडून वरचं चाक हाताने फिरवलं. बेअरिंगचा आवाज नव्हता. रबरं मात्र मनोज म्हणाला तशी झिजली होती. मग मी टेबलासमोर उभी राहिले आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवले. कोपर जिथे हवं तिथेच आलं. अजूनही.

तेवढ्यात निफाडचा माणूस आला. बहिरू नाव, चांगला उंचापुरा. द्राक्षाच्या पेट्या करायचा. तो टेबलाशी वाकला, पुन्हा उभा राहिला आणि कंबरेवर हात ठेवला.

"शेठ, हे लय खाली हाय. दिवसभर हिच्यावं काम केलं तर माझी पाठच जाईल. यवढ्याला नाय परवडत. काही कमी करा."

"अहो, पहिल्यापासून नव्हतं असं," दादा म्हणाला. "आमच्या वडलांनी स्टँडचे पाय कापले. कशाला कापले देव जाणे. स्वतः त्याच्यावर वाकून वाकून कंबर घालवली, रोज रात्री मलम चोळायला लावायचे आईला. पण पाय काही वाढवून घेतले नाहीत. म्हातारपणी डोकं चालत नाही माणसाचं."

आता मात्र माझं डोकं फिरलं.

"म्हातारपणी नाही कापले," मी म्हणाले. "मी नववीत होते तेव्हा कापले. माझा हात पुरायचा नाही म्हणून मी पाटावर उभी राहून कापत होते. पाट हलला. बाबांनी मला मागे ओढलं आणि पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला, पण मारलं नाही. पाट चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते हॅक्सॉ घेऊन खाली बसले होते, चौथा पाय कापत होते. मला म्हणाले, 'आता जमिनीवर उभी राहून काप.' डोकं चालत होतं त्यांचं, दादा. तू कारखान्यात येत नव्हतास, म्हणून तुला माहीत नाही."

बहिरूने टेबलावरचा हात काढून घेतला.

"मग ताईलाच द्या," तो दादाला म्हणाला. "मापानं केल्याली वस्तू हाय ती. मी दुसरी बघतो." आणि तो गेला.

दादा जारांकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि मला वाटलं, आता म्हणेल. एकच वाक्य म्हणायचं होतं त्याने. ते ऐकायला मी तिथे उभी होते. मोटरीचं काय, रबरांचं काय, सगळं मी विसरले असते.

वहिनी दारात येऊन थांबल्या होत्या. त्यांनीच तोंड उघडलं. "अहो, देऊन टाका त्यांना. दिवाळी आलीच आहे. भाऊबीजेची ओवाळणी होईल, बरं दिसेल चारचौघांत."

दादा सुटल्यासारखा हसला. "हो, हो. मोहिनी, घेऊन जा. ओवाळणी समज माझी."

मला पैठणी दिसली. पुढची सगळी हळदीकुंकवं दिसली. आमच्या नणंदेला आम्ही अख्खी मशीन दिली हो.

मी फोन काढला आणि पंचवीस हजार त्याच्या नंबरावर टाकले. त्याच्या खिशातला फोन वाजला.

"हे काय?" दादा म्हणाला. "बहिणीकडून पैसे घेऊ होय मी?"

"परवा घेत होतास."

"अगं, पण आता मी देतोय ना प्रेमाने."

"बाबांनी तुझ्यासाठी केली होती, तुझीच आहे, ने, एवढं म्हणाला असतास तर फुकट नेली असती," मी म्हणाले. "तू ओवाळणी म्हणालास. ओवाळणी आपल्या वस्तूची घालतात, दादा."

मनोज टेम्पो बघायला बाहेर गेला. वहिनींनी चहा ठेवते म्हटलं, मी नको म्हटलं. टेम्पोवाल्याने मशीन चढवताना विचारलं की स्टँडला उंची वाढवून हवी असेल तर त्याचा एक ओळखीचा वेल्डर आहे. मी त्याला सांगितलं, एक सूतही वाढवायचं नाही.

मोटर बदलली, रबरं बदलली. मनोजचा हिशेब बरोबर होता, एवढ्यात नवी आली असती. आता बाबांची मशीन पडवीत उभी आहे आणि मी तिच्यावर हत्ती कापते.

भाऊबीजेला दादा आला. मी ओवाळलं. ताटात त्याने एक पाकीट ठेवलं, दरवर्षीसारखं. ते पंचवीस हजार त्याने परत केलेले नाहीत, आणि ते एक वाक्यही अजून म्हटलेलं नाही.