कार्सिनोमाची उलटी बाजू

बदनापूरचा सोमेश्वर टेलर मापाचा पक्का आणि जिभेचा तिखट. इंग्रजीतलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण लेक प्रीती नर्सिंगला लागली तसं तिचे शब्द पाठ करून घ्यायचं काम त्यानं स्वतःच अंगावर घेतलं. शर्टाच्या पुठ्ठ्यावर ती देवनागरीत शब्द लिही, तो खडूनं तुकडे पाडी. हि, मा, टो, मा. प्रीती वैतागे. बोलताना तसं तुटतं अण्णा, पण अर्थ वेगळीकडं तुटतो. हिमाट म्हणजे रक्त, ओमा म्हणजे गाठ. 'टो' मधोमध कापायचा. अक्षर कापणारी शिंपीण पहिल्यांदाच पाहिली, असं म्हणून तो हसे.

वैशाखात त्याचं पोट धरलं ते सुटेना. जालन्याच्या डॉक्टरांनी प्रीतीला एकटीला आत बोलावून काय ते सांगितलं. आई चार वर्षांपूर्वी गेलेली. हे वाटून घ्यायला तिला कोणी नव्हतं. बदनापूर येईस्तोवर तिनं 'साधी सूज आहे' एवढं वाक्य घोटून ठेवलं आणि घरात पाऊल टाकताच बोलून टाकलं.

पण रिपोर्ट अण्णांच्याच पिशवीत होता. चार दिवसांनी ती दुकानात गेली तर मेडिकलवाल्या राधेश्यामकडून त्यांनी त्यातला शब्द पुठ्ठ्यावर लिहून आणला होता. मध्ये खडूच्या रेघा. कार, सि, नो, मा.

"यात ओमा तर कुठंच न्हाई," सोमेश्वर म्हणाला. "मंग गाठ न्हाई ना?"

हीच चूक तिनं शंभरदा दुरुस्त केली होती. आज ती म्हणाली,

"न्हाई अण्णा. बराबर तोडलं तुम्ही."

त्यानं मान डोलावली आणि तिला चहा आणायला पाठवलं. चहा घेऊन ती परतली तेव्हा तो मशीनवर वाकला होता. पुठ्ठा फाडून टाकावा म्हणून तिनं उचलला, आणि हात थांबला. शिंप्याची खरी खूण कापडाच्या उलट्या बाजूला असते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं पुठ्ठा उलटला.

कार्सिन. ओमा. 'नो' बराबर मधोमध कापलेला, तिनं शिकवला तसाच. खडू आजचा नव्हता, पुसट झाला होता.

मशीन थांबली नाही.

"सुलटा ठेव," सोमेश्वर मान वर न करता म्हणाला. "आपल्या दोघांत सुलटी बाजूच राहू दे."

प्रीतीनं पुठ्ठा सुलटा ठेवला आणि त्याच्यापुढं चहा सरकवला.