दोघांचा एक टाळ

अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि मारुतीअण्णांजवळ एकच शब्द उरला. राईट.

तीस वर्षं जांबोटीच्या गाडीवर कंडक्टर. दार लावून अण्णांनी "राईट!" म्हटलं की गाडी हलायची. आता पाणी हवं तरी राईट, आमटी अळणी झाली तरी राईट, नात पाया पडली तरी राईटच. उचगावातली माणसं गोंधळायची. त्यांच्या बायकोचं, गुणाबाईचं मात्र कधी चुकलं नाही. लांबवलेला राईट म्हणजे खिडकी उघड, तुटका म्हणजे भूक, लागोपाठ दोन म्हणजे पुरे कर आता तुझी बडबड.

"देवानं समदी पोथी न्हाय न्हेली. एक ओवी ठेवलीया," ती शेजारणींना सांगायची.

पण सप्ताह जवळ आला तशी तिच्या जिवाला घोर लागला. बावीस वर्षं कीर्तनात पहिला टाळ अण्णांचा. आता उजवा हात लुळा, आणि टाळ म्हणजे दोन हातांचं काम.

"राईट," अण्णा भिंतीकडं तोंड फिरवून म्हणाले. येणार न्हाय, असा तो राईट होता.

"नगा येऊ. मग मीबी जात न्हाय ऐकायला."

ही मात्रा लागू पडली. आपल्यापायी तिचं कीर्तन चुकावं, हे अण्णांना खपण्यासारखं नव्हतं.

पहिल्या दिवशी देवळात तिनं त्यांना टाळकऱ्यांपाशी खुर्चीवर बसवलं. पदर खोचला. टाळाची एक वाटी त्यांच्या डाव्या हातात दिली, दुसरी स्वतः धरून शेजारी उभी राहिली.

"वैनी, टाळकऱ्यांत कवापास्नं?" टाळकरी भावकू हसला.

"वाजवणारे त्ये हाईत रं. मी नुस्ती धरून हाय."

कीर्तनकार नागेंद्रबुवांनी अभंगाचा पहिला चरण म्हटला आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. पहिला ठोका अण्णांचा! अण्णांची वाटी चुकली आणि गुणाबाईच्या बोटांवर बसली. तिनं हात हलवला नाही. दुसऱ्या खेपेला नाद उठला, खणखणीत.

"राईट!" अण्णा गरजले.

"डबल बेल झाली मंडळी, चला!" बुवा म्हणाले. देवळात हशा पिकला आणि त्या हशातच वीस टाळ एकदम सुरू झाले.

प्रसाद वाटताना अण्णा तिच्या सुजलेल्या बोटांकडं बघत हळूच म्हणाले, "राईट."

हा सूर तिच्या ओळखीचा नव्हता.

"ह्यो कंचा आनि नवीन?"

अण्णांनी आपली वाटी तिच्या वाटीवर अलगद टेकवली.

"व्हय व्हय," डोळ्यांना पदर लावत गुणाबाई म्हणाली, "उद्याबी येऊ. पांडुरंगानं अजून सहा दिस दिल्यात."