चालत्या गाडीतली बदली

भित्रा म्हणा मला, माझं काय बिघडत न्हाय. पण त्या सकाळी भीमेच्या पुलाजवळ माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर त्यानंबी देवाच्या आधी आईलाच हाक मारली असती. मी मारली. लाज कसली त्यात?

मी सयाजी, मोडनिंबचा. बंगळूर-सोलापूर लक्झरीवर दोन ड्रायव्हर असतात, त्यातला दुसरा. पहिले कुंडलिकमामा, करकंबचे. आधी माझे उस्ताद, मग सासरे. वैजयंती त्यांची एकुलती एक. म्हंजे गाडीतबी ते वर आन् घरातबी ते वर. जावयानं तोंड उघडायचं तरी कुटं?

मामांनी मला जे जे शिकवलं त्यात एक गोष्ट अशी, की साहेबलोकांच्या कानावर गेली तर आमी दोघंबी कायमचे घरी बसू. चालत्या गाडीतली बदली. मालकाला गाडी थांबलेली बघवत न्हाय, मग काय करता? गाडी पळत असतानाच एकानं उठायचं आन् दुसऱ्यानं बसायचं. कायदा एकच. पहिल्यानं म्हणायचं, "घे." दुसऱ्यानं डाव्या अंगानं येऊन स्टेअरिंग धरायचं, पाय आत सारायचा आन् म्हणायचं, "घेतली." तो शब्द कानावर पडल्याशिवाय पहिल्याचा हात सुटता कामा नये. शिकताना मी एकदा शब्द उशिरा काढला, तर मामांनी बरगडीत असं कोपर हाणलं की मला धड हसताबी येईना. "शब्द आधी, मग हात," म्हणले. "मागं लोकं झोपल्यात, लेका."

आन् दुसरा कायदा म्हसोबाचा. पुलाच्या अलीकडं लिंबाखाली त्याचं ठाणं हाय. तितं दोन बारके हॉर्न द्यायचे आन् डावा हात कपाळाला लावायचा. मामांचा हॉर्न कधी चुकला न्हाय. तापानं फणफणलेले असले तरी न्हाय, माझ्याशी भांडण चालू असलं तरी न्हाय.

त्या दिवशी विजापूर सोडलं तवा चांगलं फटफटीत उजाडलं होतं. मामा चालवत होते, मी केबिनमधल्या बाकड्यावर शेंगा सोलत बसलो होतो. पहिल्या शिटावर निंगव्वा होती. लेकीकडनं सोलापूरला परत निघालेली म्हातारी, नेहमीची गिऱ्हाईक. केबिनचं दार उघडं टाकायला लावून रात्रभर आमच्याशी कन्नड-मराठीत गप्पा हाणल्या तिनं, आन् आता पेंगत होती. बाकीची सगळी गाडी घोरत होती.

लिंबाचं झाड आलं. गेलं.

हॉर्न न्हाय.

शेंग माझ्या हातातच राहिली. म्हणलं, मामांचं ध्यान चुकलं वाटतं. चेष्टा करायला तोंड उघडलं, "काय मामा, देवाशी अबोला धरलाय का?" मी वळून बघितलं. डोळे उघडे, नजर समोर, दोनी हात स्टेअरिंगवर. ओठ तेवढे हलत होते, पान चघळल्यासारखे. तोंडात पान नव्हतं.

"मामा?"

माणूस समोर बसलाय आन् आत कुणीच न्हाय, असं मी जन्मात बघितलं नव्हतं. झोपलेला माणूस मी वळखतो, झोपेत मान पडती. ह्यांची मान ताठ होती. आन् पाय ॲक्सिलेटरवर दाबलेला तसाच.

समोर पुलाच्या तोंडाशी उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोनी बाजूंनी बाहेर लोंबतोय, गोगलगाईगत चाललाय. आमच्याच पट्ट्यात. आमची गाडी सरळ त्याच्या बुडावर निघालेली.

मी उडी मारून स्टेअरिंगला हात घातला. हलंना! मामांच्या मुठी अशा आवळलेल्या की एक बोट उचकटंना. "मामा, सोडा! सोडा की वो!" मी गुडघ्यानं त्यांचा पाय रेटला, तर तो आणखीच ताठला आन् गाडीनं येग घेतला. हँडब्रेक डोळ्यांसमोर होता, पण तो ओढला असता तर मागची चाकं लॉक होऊन गाडी आडवी फिरली असती आन् अख्खी गाडी कठड्यासकट भीमेत. भीमेला पाणीबी तुडुंब. मी "आई गं!" म्हणून ओरडलो. वैजयंतीचं तोंड डोळ्यांपुढं आलं. एकाच गाडीत बाप आन् नवरा, एकाच येळी.

ट्रॉलीच्या मागं लावलेलं लाल फडकं दिसाय लागलं, इतकं जवळ आलो. आन् माझ्या तोंडातनं काय निघावं? मी ठरवून म्हणलो न्हाय, खोटं कशाला बोलू. सवयीनं निघालं.

"घेतली!"

मामांच्या मुठी उघडल्या.

पाय मागं आला. अंग उजवीकडं सरकलं, एरवी सरकतं तसंच, माझ्यासाठी अर्धं शीट मोकळं करून. चेहऱ्यावर तेच, आत कुणीच न्हाय. मी अर्ध्या बुडावर बसलो, ब्रेक दाबला आन् स्टेअरिंग उजवीकडं मारलं. उसाच्या शेंड्यांची वाढी काचेवर फराफरा वाजली, डावा आरसा गेला, मागं कुणाचं तरी डबडं पडलं. पूल कसा पार केला ते मला आजबी सांगता येत न्हाय. एका हातानं गाडी धरली होती, दुसऱ्यानं मामांची कॉलर.

टाकळीच्या पुढं हॉटेलापाशी गाडी थांबवली आन् चावी काढून खिशात टाकली. लोकं आळस देत चहाला उतरली. माझा आरडाओरडा ट्रॅक्टरवाल्यावर हुता असंच समजली, खरं कुणालाच पत्ता न्हाय.

मामांनी डोळे मिचकावले. हिकडं तिकडं बघितलं.

"आरसा कुणी फोडला रं?"

"मामा, तुमाला काय हुतंय?"

"मला काय हुतंय? तू कवा बसलास हितं?"

मी सगळं सांगितलं. मामा ऐकून घेतील असं वाटलं होतं मला, खुळ्याला. ते भडकले. "मी घे म्हणलो असंल, म्हणून तू घेतलीस. आन् उसाला गाडी घासलीस तू! आता माझ्यावर ढकलतोस व्हय?"

"तुमी घे म्हणला न्हाईत. म्हसोबाला हॉर्नबी दिला न्हाईत."

"दिला! हॉर्न दिल्याबिगर कुंडलिक पुढं जाईल? डोकं ठिकाणावर हाय का तुझं? चल सर, गावात गाडी मी नेणार."

हे आणखी एक. सोलापुरात शिरताना गाडी उस्तादाच्याच हातात पायजे, हा आमचा रिवाज. पुढं सगळी गर्दी. रिक्षा, शाळेची पोरं, शिग्नल. पुलावरची भीती झटक्यात आली न् गेली, ही मातूर माझ्या मानगुटीवर बसली. जावई मी, शागीर्द मी. चारचौघांत सासऱ्याच्या हातातली गाडी हिसकावू? आन् न्हाय हिसकावली तर?

आमी दारात तणतणत उभे, तवर निंगव्वा चहाचा कप घेऊन आली. तिला आमच्या भांडणाचं काय ठावं न्हाय. मामांना बघून बोट नाचवत म्हणली, "काय कुंडलिकप्पा, आज देवरला इसरलास काय? मी डोळे मिटून बसली, तू हार्न वाजवलास की हात जोडते म्हणून. हार्न बरलिल्ला, आलाच न्हाई! पूल गेला की रे! आता माझा नमस्कार राहिला, पाप तुला."

आन् फुर्रकन चहा पिऊन आत गेली.

मामा जागच्या जागी उभे राहिले. माझ्याकडं बघितलं न्हाय त्यांनी. काचेवर चिकटलेलं उसाचं पान काढलं आन् बोटांत चुरत बसले. मग हळूच म्हणले, "गेल्या महिन्यात तुझी सासू म्हणली हुती. जेवताना तुमी घास हातात धरून बसला हुता म्हणली, हाका मारल्या तरी वळला न्हाईत. मी तिच्यावरच खेकसलो."

"मामा, दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं."

"लोकं बसव," म्हणले.

लोकं बसली. मी दार लावून वळतो तर मामा ड्रायव्हरच्या शिटावर! दोनी हात स्टेअरिंगवर, नजर समोर. चावी माझ्या खिशात होती, तरी वाटलं, पुन्हा गेले की काय? मी ओठांकडं बघितलं. ओठ हलत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं.

मी त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो. बसलो न्हाय. मागनं एकजण वरडला, "ओ ड्रायव्हर, निघा की! हापिस हाय आमाला!"

मामांनी भीमेच्या दिशेनं तोंड केलं आन् दोन बारके हॉर्न दिले. मागं निंगव्वानं हात जोडले.

"सयाजी, भ्या वाटतंय रं," मामा म्हणले. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडातनं ऐकला नव्हता.

"मलाबी वाटतंय, मामा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणले, "घे."

मी वाकून स्टेअरिंग धरलं, पाय आत सारला. "घेतली."

हात सुटंनात. गाडी उभी, इंजिन बंद, आन् मामांच्या मुठी तशाच.

"घेतली, मामा," मी पुन्हा म्हणलो. "घेतली मी."