तिसरा महिना भरेपर्यंत

माझी बायको नंदिनी जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा सुनेला दिवस गेल्याचं कळलं. मुलगा पुण्याला नोकरीला, कोल्हापूरच्या घरात मी आणि प्रियदर्शनी दोघंच. तिनं चहाचा कप पुढं ठेवला आणि विचारलं, "मामा, हॉस्पिटलात सांगू का?"

"न्हाय," मी म्हणालो. "तुझ्या आत्तींनी काय सांगितलंय? तिसरा भरल्याशिवाय घराबाहेर शब्द काढायचा न्हाय."

नंदिनीचं पहिलं पोर दुसऱ्या महिन्यात गेलं होतं. त्याआधी आठच दिवस तिनं सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते. तेव्हापासून तिचा हा नियम. ती गेल्यावर मी घरातला साधा डाळीचा डबासुद्धा हलवला नाही, मग नियम कसा मोडणार?

"पण मामा, कामावर सांगायला पाहिजे," प्रियदर्शनी पुटपुटली. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

ती हाडांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स. रोज सकाळी मीच तिला गाडीवरून सोडायचो. संध्याकाळी आली की कंबर धरून बसायची. "पहिल्यांदा असंच असतंय," असं मी म्हणायचो.

तीन आठवडे गेले. एक दिवस ती डबा विसरली. मी तो घेऊन थिएटरच्या दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात इनचार्ज क्रांती सिस्टरनं हटकलं. "ओ पावणं, आत कुठं?"

मी दारावरचं चित्र बघत होतो. पिवळा त्रिकोण, आत काळ्या पंख्याची तीन पाती. शिरोलीच्या फौंड्रीत मी एकतीस वर्षं काढली. मोठ्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, किरणांनी आतून फोटो काढायचा असला की तिथं हाच बोर्ड लागायचा. भोंगा वाजायचा आणि आम्हा सगळ्यांना दोरीपलीकडं हाकलायचे.

"हितं काय करतात?" मी विचारलं.

"हाड जुळवताना एक्स-रे लागतोय. ऑपरेशन चालू असतानाच."

"मग नर्स बाहेर येतात?"

"बाहेर आल्यावर हत्यारं कोण देणार, तुम्ही?" ती हसली. "शिशाचा एप्रन असतोय की. आणि पोटुशी असली तर आम्ही हितं ठेवतच न्हाय. सांगितलं की वॉर्डात बदली."

दार उघडलं. प्रियदर्शनी बाहेर आली. जाड निळा एप्रन तिनं सोडला, तर आतले कपडे घामानं चिंब. छातीवर एक बारका बिल्ला, किरणं किती लागली ते मोजायचा. मला बघून तिनं हळूच मान हलवली. सांगू नका. माझाच नियम ती मला पाळायला सांगत होती.

मी दारावरच्या त्या त्रिकोणाकडं परत बघितलं.

"सिस्टर," मी म्हणालो, "हिचा दुसरा महिना संपत आलाय."

क्रांती सिस्टरचं हसू गेलं. "आणि आज सांगताय? बदली होईस्तोवर पोटावर लावायला दुसरा बिल्ला देतो आम्ही. आता पोटाला किती लागलं ते कशानं मोजू?"

"तो मागायचा तर सांगावं लागलं असतं," प्रियदर्शनी म्हणाली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

त्याच दिवशी तिला थिएटरमधून काढलं. उद्यापासून वॉर्ड, आज घरी जा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, एप्रन होता, बहुतेक काही होणार नाही. छातीच्या बिल्ल्याचा रिपोर्ट येईल, पाचव्या महिन्यात सोनोग्राफी होईल. तोवर वाट बघायची. बहुतेक या शब्दावर आम्हाला अजून तीन महिने काढायचे होते.

घरी आलो तर शेजारच्या अंबूबाई कट्ट्यावर बसल्या होत्या. "काय बाळासो भावजी, सूनबाई आज लवकर?"

"तिला दिवस गेलेत."

अंबूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अवो, हळू! तिसरा तरी भरू दे की. नंदिनी असती तर..."

"नंदिनी न्हाय," मी म्हणालो.

ती गेल्यापासून हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो. प्रियदर्शनीनं माझ्या हातातला डबा घेतला आणि ती आत गेली. डबा अजून भरलेलाच होता.